चौदा हजार दोनशेंतली मी

क्षणभर स्वतःच्या छातीवर हात ठेवा. तिथं जे धडधडतंय, तसल्याच एका भिंतीतून मी बोलतेय. भिंत आहे बाबूराव मेश्राम यांच्या हृदयाची, मुक्काम तेलीबाग, लखनऊ. आणि मी त्या भिंतीत दीड महिन्यापासून वस्तीला असलेली एक पांढरी पेशी. शिकल्यासवरल्या लोकांनी माझ्या प्रकाराला एक लांबलचक परदेशी नाव दिलंय आणि त्याचा अर्थ म्हणे ‘मोठी खादाड’. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला राग आला होता. मग म्हटलं, खाते तर खरीच, आणि मी जे खाते ते दुसरं कुणी तोंडातही घालणार नाही. लाजायचं कशाला?

मला डोळे नाहीत, पण ऐकू चांगलं येतं. बाबूरावांचा स्वतःचा आवाज तर छातीतूनच निघतो, तो आम्हाला अगदी कानाशी बोलल्यासारखा येतो. चंदाबाईंचा आवाज बरगड्यांपलीकडून येतो, पण त्या बोलतातच अशा ठसक्यात की अर्धा शब्दही वाया जात नाही. मुलगी रूपाली हळू बोलते, आणि हिंदीत बोलते. आईबाप भंडाऱ्याच्या मराठीत विचारतात, ती लखनऊच्या हिंदीत उत्तर देते, आणि तिघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. मलाही दोन्ही भाषा अशाच फुकटात आल्या.

माझा जन्म बाबूरावांच्या कमरेच्या हाडातला. हाडाच्या पोकळीत मऊ मगज असतो, तिथं रक्ताच्या पेशी घडतात. तांबड्या पेशींचा तिथं फार तोरा. प्राणवायू वाहतात, संख्येनं अफाट, आणि रक्ताला रंगही त्यांचाच. आम्ही पांढऱ्या म्हणजे त्या गर्दीत कुठंतरी एखादी. आमची आठवण माणसाला येते ती दोनच वेळा, ताप आल्यावर आणि रिपोर्ट आल्यावर. दोन्ही वेळा शिव्या देण्यासाठी.

मोठी झाल्यावर मला रक्तात सोडलं आणि मी प्लीहेत मुक्कामाला गेले. पोटाच्या डाव्या अंगाला, बरगड्यांच्या आड ही प्लीहा असते. माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथं बोलावणं येईपर्यंत बसून असतात. शेजारीच जठर, त्यामुळे घरात काय शिजलं ते कळायचं. जवसाची चटणी आली की समजायचं, भंडाऱ्याहून कुणीतरी आलं. मटारची चाट आली की समजायचं, बाबूराव हातगाडीच्या ठेल्यावर उभे राहिले आणि घरी सांगणार नाहीत.

बाबूरावांची एक सवय इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. ते रेल्वेच्या कारखान्यात वेल्डिंग तपासतात. डब्याच्या सांगाड्यावर जोड घातला की त्याची जाडी मापायची, मापाला ठरलेली एक खालची हद्द आणि एक वरची हद्द. मधे असेल तर खडूनं खूण करायची आणि मोठ्यानं म्हणायचं, “ओके. बी. एम.” हद्दीबाहेर गेला की, “रिजेक्ट. बी. एम.” खाली तारीख. सत्तावीस वर्षं हेच केल्यावर ते घरीही तसंच बोलतात. भाजी तोंडात घातली की ओके. नवीन पडदे लावले की रिजेक्ट. चंदाबाई म्हणतात, “बाप्पा, मले अजून तारीख टाकून पास नाही केलं यांनी.”

जानेवारीतली सकाळ होती. बाहेर दाट धुकं असावं, कारण दूध आणायला निघालेल्या बाबूरावांच्या साऱ्या नसा थंडीनं आकसल्या होत्या. कोपऱ्यावरून परतताना त्यांच्या छातीवर कुणी पाट ठेवून बसावं तसं झालं. घरी येऊन ते म्हणाले, “गॅस झाला.” कोमट पाणी, ओवा, पुन्हा पाणी. डावा हात जड पडला तेव्हाही गॅसच.

चंदाबाई म्हणाल्या, “या थंडीत बनियन ओलं झालं घामानं, अन् म्हणे गॅस. उठा.”

“दहा मिनिटं थांब ना. उतरून जाईल.”

दहा मिनिटांचे तीन तास झाले. शेवटी चंदाबाईंनी शेजारच्या इंद्रजित भैयांचं दार वाजवलं. त्या भल्या माणसानं चहाचा कप तसाच टाकला, गाडी काढली आणि रायबरेली रोडवरच्या इस्पितळात पोचवलं. इस्पितळातल्या लोकांनी हात चालवले. तुंबलेली नळी उघडली, आत जाळी बसवली, रक्त पुन्हा वाहू लागलं. पण त्या तीन तासांत डाव्या कप्प्याच्या भिंतीचा दोन बोटं रुंदीचा तुकडा रक्तावाचून मेला होता. हृदयाचा स्नायू एकदा मेला की पुन्हा उगवत नाही. तो तुकडा तिथंच राहतो, सडू लागतो, आणि बाकीचं हृदय त्याच्याभोवती धडधडत असतं. त्याला सुट्टी नाही.

मेलेला स्नायू गुपचूप मरत नाही. त्यातून काहीबाही सांडतं, रक्तात मिसळतं आणि सगळीकडे पोचतं. आम्हाला प्लीहेत तो सांगावा आला आणि आम्ही बसल्या जागच्या उठलो. कुणी नाव पुकारलं नाही की रांग लावली नाही. ज्यांना चालता येत होतं त्या सगळ्या निघाल्या.

आमच्या आधी तिथं पोचल्या त्या न्यूट्रोफिल. त्याही पांढऱ्याच, पण स्वभावानं तिखट. जेमतेम दिवस-दोन दिवसांचं आयुष्य, त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायला त्यांना सवड नसते. आल्या आल्या मेलेल्या भागावर तुटून पडतात, तोडतात, विरघळवतात, आणि तिथंच मरतात. खरं सांगायचं तर त्या अतीही करतात. कडेच्या दोन-चार जिवंत पेशींनाही त्यांचा तडाखा बसतो. आमच्यात सगळं चांगलंच असतं असं मी म्हणणार नाही.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. वाटेत बाबूरावांच्या कोपराच्या बेचक्यातून जात होते, तेवढ्यात तिथं सुई घुसली आणि माझ्या पुढच्या सगळ्याजणी एका नळीत ओढल्या गेल्या. मी वीतभर मागे होते म्हणून राहिले. त्या नळीतल्या मैत्रिणी मोजल्या गेल्या. रक्ताच्या एका थेंबाचे पन्नास भाग केले तर त्यातल्या एका भागात आम्ही चौदा हजार दोनशे भरलो. एरवी पाच-सात हजार असतो. हा आकडा लक्षात ठेवा.

भिंतीत शिरले तेव्हा काय होतं तिथं? राडा. मेलेल्या स्नायूचे तुकडे, फुटलेल्या पेशींचा चिखल, आणि त्यात ती भिंत मिनिटाला ऐंशी वेळा हलत होती. मी खायला लागले. तुम्ही घरातलं जळकं भांडं घासता ना, तसं. आधी वरचा थर, मग खालचा, मग कोपरे. दिवसभर खाल्लं, दुसऱ्या दिवशीही खाल्लं. माझाही पारा चढलेला होता. कुणी मध्ये आलं असतं तर मी त्यालाही खाल्लं असतं.

चौथ्या दिवशी एक न्यूट्रोफिल माझ्यासमोर आली. ती मेली होती. ज्यांनी आधी येऊन ही जागा अर्धी साफ केली त्यांच्यातली एक, आता स्वतःच कचरा झालेली. तिला तसंच सोडलं असतं तर ती फुटून तिच्यातलं विष चांगल्या भागावर सांडलं असतं. म्हणून तिला गिळणं हेही माझंच काम. मी गिळलं. मला वाईट वाटलं, हे कबूल करते. पण ती पोटात गेली आणि माझा राग उतरला. ही आमच्या आयुष्यातली ठरलेली गोष्ट आहे. साथीदारणीला सन्मानानं संपवलं की आमच्या लक्षात येतं, तोडायचं काम झालं, आता बांधायचं.

मग मी तंतुपेशींना हाका मारायला सुरुवात केली. या पेशी हृदयातल्याच, एरवी कोपऱ्यात पडून असतात. आम्ही निरोप दिला की उठतात आणि चिवट धागे विणतात. तो विणलेला पट्टा म्हणजे व्रण. तो स्नायूसारखा आकुंचन पावत नाही, पण भिंत धरून ठेवतो. जुना मेलेला स्नायू गेलेला आणि नवा पट्टा अजून कच्चा, असे चार-पाच दिवस सगळ्यांत नाजूक असतात. त्या दिवसांत पट्टा नीट धरला नाही तर भिंत पातळ होऊन फुगते, आणि क्वचित फाटते. फाटली तर पुढं काही बोलायला उरत नाही, बाबूरावांचंही आणि आमचंही.

नेमक्या त्याच दिवसांत बाबूराव घरी आले. इस्पितळातून निघताना डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, लिहूनही दिलं होतं, की आम्हाला विचारल्याशिवाय दुसरी एकही गोळी घ्यायची नाही, दुखणं थांबवणारीसुद्धा. बाबूराव “जी मॅडम, जी मॅडम” म्हणाले. मग घरी पलंगावर टेकून त्यांनी फाइल उघडली. माणसाला रिकामा वेळ आणि फाइल एकदम मिळू नये.

ते आकडा आकडा मोठ्यानं वाचू लागले. हिमोग्लोबिन, हद्दीत, ओके. साखर, थोडी वर, “ठीक आहे, चालते.” आणि मग त्यांचा श्वास अडला. इतका की मलाही हिसका बसला.

“पांढऱ्या पेशी. चार हजार ते अकरा हजार. आपल्या किती? चौदा हजार दोनशे. ठळक अक्षरात छापलं आहे, बाजूला एच.”

“म्हणजे काय?” चंदाबाईंनी विचारलं.

“म्हणजे हद्दीच्या बाहेर. आत इन्फेक्शन असेल, सूज असेल. अन् यांनी मला तसंच घरी पाठवून दिलं. पेन दे लाल.”

पेनाची करकर ऐकू आली. मग तो आवाज, जो आजवर मी फक्त भाजीबद्दल आणि पडद्यांबद्दल ऐकला होता. “रिजेक्ट. बी. एम.” आणि तारीख.

मी तंतुपेशीला धागा कुठं बांधायचा ते सांगत होते. ऐकून ते सांगणं तिथंच राहिलं. तीन दिवस ज्यांच्या घरातला सडका कचरा मी तोंडानं उचलला, त्यांनी मला खडू मारून बाजूला काढलं. हृदयात बसून हृदयाच्या मालकाकडून हे ऐकायचं म्हणजे काय, ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी इंद्रजित भैया विचारपूस करायला आले. त्यांना जुना दमा आहे. बाबूरावांनी त्यांना फाइल दाखवली.

“अरे मेश्रामजी, सूजन ही तो है,” ते म्हणाले. “हमारी साँस की नली में भी यही होता है। डॉक्टर ने एक गोली लिख रखी है, दो दिन में सारी सूजन उतार देती है। घर में पड़ी है, ले आता हूँ।”

चंदाबाई चाचरल्या. “अहो, मॅडमनं सांगितलं ना, विचारल्याशिवाय नाही घ्यायचं म्हणून.”

“त्यांना काय विचारायचं? त्यांनी तर हा आकडा पाहिलाच नाही. इंद्रजित भैया नसते तर मी आज नसतो.”

हे मात्र खरं होतं, आणि तिथंच सगळे अडकले. ज्या माणसानं जीव वाचवला त्याच्या हातची गोळी नको कशी म्हणायची? बाबूरावांनी रात्रीच्या जेवणावर एक गोळी घेतली. सकाळी चहाबरोबर दुसरी.

गोळीला मी नावं ठेवत नाही. दम्याच्या माणसाला ती श्वास परत देते. ती येते आणि सगळ्या पांढऱ्या पेशींना सांगते, बसा खाली, शांत व्हा. दम्यात आम्ही उगाच भांडत असतो, तिथं ते बरोबरच. पण आता आम्ही भांडत नव्हतो, बांधत होतो. मला गुंगी चढली. तोंडात घेतलेला घास तसाच राहिला. तंतुपेशीला हाक मारावी म्हटलं तर आवाज फुटेना. तिनं दोन धागे विणले, पुढचं कुणी सांगेना म्हणून थांबली. आणि भिंत मात्र धडधडतच होती, प्रत्येक ठोक्याला त्या कच्च्या जागी थोडी ताणली जात होती. बाबूरावांना उलट बरं वाटत होतं. छातीतला ठणका कमी झाला, भूक लागली. “पाहिलं?” ते चंदाबाईंना म्हणाले. “उतरून राहिली सूज.” मला ओरडून सांगायचं होतं की बाबा रे, आपण दोघंही घसरतोय. पण आमचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

रूपाली त्या दिवशी साडेसहाला घरी आली. ती जानकीपुरम एक्स्टेंशनमधल्या सरकारी औषध संशोधनाच्या आवारात नोकरीला आहे, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती तिथं नेमकं काय करते हे घरात कुणी विचारलं नव्हतं. बाबूराव लोकांना सांगत, “दवाईच्या ऑफिसात आहे.” ती पाण्याचा ग्लास उचलायला पलंगाशी आली आणि थांबली.

“पापा, ये गोली का पत्ता किसका है?”

“इंद्रजित भैयांनी दिली. सूज उतरायची गोळी आहे.”

“कितनी ली?”

“दोनच. तिसरी आता जेवल्यावर घ्यायची आहे.”

मग तिनं तिथल्या तिथं डॉक्टर मॅडमना फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, रूपालीचं ऐकू आलं. “जी मैम, दो। जी, कल शाम से। जी, अब नहीं देंगे। सुबह इको के लिए ले आऊँगी।” फोन ठेवल्यावर तिनं गोळ्यांचं पाकीट हातात चुरगाळलं.

बाबूराव चिडले. चिडले की त्यांचं हृदय आमच्यासकट टणाटण उडतं. “तू पाह्य तर आकडा. अकरा हजार वरची हद्द आहे. मी सत्तावीस वर्षं माप पाहून राहिलो. हद्दीबाहेर गेलेली वस्तू मी गाडीखाली जाऊ देत नाही, तर माझ्या छातीत ठेवू?”

“पापा, वो हद तंदुरुस्त आदमी की है,” रूपाली म्हणाली. “आपको अटैक आया था। उस दिन चौदह हज़ार न होते तो फ़िक्र की बात थी।”

“तुले काय माहीत?”

“मुझे ही तो मालूम है। मैं दिन भर और करती क्या हूँ? चूहे के दिल की पतली-पतली काट बनाती हूँ, काँच पर रखकर रंग चढ़ाती हूँ, और यही सेल गिनती हूँ। जिनमें ये सेल आ ही नहीं पाते, उनकी दीवार पतली रह जाती है। मैंने अपनी आँख से देखा है, पापा। काग़ज़ जैसी।”

बाबूरावांना पटलं नव्हतं. आतून मला कळतं ना, पटलं की छाती सैल होते. त्यांची ताठच होती. मुलीचं ऐकायचं, तेही मापाच्या बाबतीत, म्हणजे अवघडच.

मग चंदाबाई बोलल्या. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटण्याचा आवाज थांबला.

“तुमच्या कारखान्यात तो राघव वेल्डर होता. त्यानं लवकर घरी जायचं म्हणून तापलेल्या जोडावर बाटलीनं पाणी ओतलं होतं. आठवते?”

“त्याचं काय इथं?”

“तुम्ही त्या दिवशी जेवले नव्हते. म्हणे, हात लावून पाहिलं तर गार, वरून चकचकीत, अन् दुसऱ्या दिवशी पाहतो तर केसाएवढी चीर. म्हणे, गार झालं म्हणजे पक्कं झालं असं समजते हा गधा. तापलेला जोड आपला आपण गार होऊ द्यावा लागते. वीस वेळा ऐकलं मी हे, पाठ झालं.” लाटणं पुन्हा सुरू झालं. “आता तुम्ही काय करून राहिले? पाणीच ओतून राहिले ना?”

तव्यावर एक पोळी करपल्याचं रूपालीनं सांगितलं. आणि मग मला जाणवलं, छाती सैल झाली. ठोका हळूहळू खाली आला. बाबूराव म्हणाले, “इंद्रजित भैयांना काही सांगू नका. त्यांना वाईट वाटेल.” एवढंच. पण तिसरी गोळी आली नाही.

गुंगी उतरायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पुन्हा तोंड हलवू लागले, तंतुपेशीला हाक गेली, तिनं कुरकुरत धागा उचलला. त्याआधी सकाळीच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला होता. छातीवर थंडगार जेली, वर फिरणारा दांडा, आणि खोलीत आमच्याच रक्ताचा सूं-सूं आवाज. डॉक्टर मॅडम बराच वेळ एकाच जागी दांडा धरून होत्या. ती जागा म्हणजे मीच. मी अंग चोरून उभी होते. शेवटी त्या म्हणाल्या, “दीवार अभी सँभली हुई है। एक हफ़्ता पूरा आराम। बाल्टी भी नहीं उठाएँगे आप।” चंदाबाईंचा जीव भांड्यात पडल्याचं मी त्यांच्या बांगड्यांवरून ओळखलं.

त्या आठवड्यात आम्ही जे काम केलं ते मला जन्मभर पुरेल, आणि माझा जन्म लहानच आहे. सगळ्या दिशांनी धागे आले. उभे, आडवे, एकावर एक. घरातही तसंच चाललेलं असावं. चंदाबाई बाबूरावांना साधा तांब्याही उचलू देत नव्हत्या. सकाळी बुद्धवंदना ते पलंगावर बसूनच म्हणत, आणि त्या लयीत ठोके इतके शांत पडत की आमचे टाके एकदम सरळ यायचे. इंद्रजित भैया रोज संध्याकाळी येऊन बसत. तिसऱ्या दिवशी रूपालीनं त्यांना गोळीचं नीट समजावून सांगितलंच. ते एकदम खजील झाले, म्हणाले, “बिटिया, हमने तो भलाई में...” बाबूरावांनी त्यांचा हात धरला असावा. म्हणाले, “भैया, गाडी आपने निकाली थी। वही याद है मुझे।”

आज सहा आठवडे झाले. सकाळी पुन्हा इको होता. हृदयाची ताकद किती, याचा एक आकडा असतो. चांगल्या हृदयाचा पंचावन्नच्या वर. आमचा आला अठ्ठेचाळीस. बाबूरावांनी सवयीनं विचारलं, “हद्द किती?” मॅडमनी सांगितली. मी धसकले, आता पुन्हा लाल पेन. पण ते फक्त म्हणाले, “अच्छा. काम चालेल ना?” मॅडम म्हणाल्या, “चलेगा क्या, दौड़ेगा। बस आप पहले चलिए।”

दुपारी रूपालीला सुट्टी होती. बाबूराव तिला म्हणाले, “तुझ्या त्या काचा कशा असतात? दाखव ना.”

ती दचकलीच. नोकरीला चार वर्षं झाली, पहिल्यांदा कुणी विचारत होतं. तिनं फोनवरचा एक फोटो उघडून दिला. बाबूरावांनी चष्मा चढवला. फोन छातीवर टेकवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“हे गुलाबी काय आहे?”

“मसल है। ज़िंदा वाला।”

“अन् हे निळं, धाग्यासारखं?”

“वो स्कार है, पापा। नया जोड़।”

“अन् हे मधे मधे जांभळे ठिपके?”

“यही तो हैं,” रूपाली म्हणाली. “आपके चौदह हज़ार दो सौ।”

बाबूराव खूप वेळ बघत राहिले. जोड तपासताना बघतात तसंच असणार, खालून, वरून, कडेनं. मग विचारलं, “यांच्यावरच काम करून राहिली तू?”

“हाँ। आजकल यही ढूँढ रहे हैं कि ये ग़ुस्सा कम करें और काम न रोकें। ऐसी कोई दवा बने। टाइम लगेगा।”

“लागू दे,” बाबूराव म्हणाले. “घाई नको करू.” मग हाक मारली, “चंदा, ती फाइल आण. पहिली, दवाखान्यातली. अन् पेन.”

आता माझं थोडंच राहिलंय. पट्टा पक्का झाला की इथं आमचं फारसं काम नसतं. माझ्याबरोबर आलेल्या बऱ्याचजणी गेल्या. मलाही एखादी गिळेल किंवा मी वाहत निघून जाईन. त्याचं दुःख नाही. तुमच्याकडे मागणं एकच. कधी तुमच्या रिपोर्टात आमचा आकडा ठळक छापून आला, तर घाबरा, हरकत नाही, पण पेन उचलण्याआधी विचारा, त्या एवढ्याजणी कुठं निघाल्या आहेत. डॉक्टरला विचारा. घरात एखादी रूपाली असेल तर तिलाही विचारा. शेजाऱ्याच्या कपाटाला विचारू नका.

चंदाबाईंनी फाइल आणून दिली. कागद उलटल्याचा आवाज आला. बाबूरावांनी फाइल छातीवरच ठेवली, अगदी माझ्या वर. जुनी खूण खोडली, दोन रेघा मारल्या. पेनाचं टोक कागदातून मला जाणवत होतं. आणि मग त्या आवाजात, जो मला कधीचा पाठ आहे, ते म्हणाले,

“चौदा हजार दोनशे. ओके. बी. एम.”

आणि आजची तारीख टाकली.